पाठीराख्याची आशा

मैदानावर घाम गाळणाऱ्या खेळाडूंविषयी वर्तमानपत्रांतून पुष्कळ लिहिले जाते. कुंपणाबाहेर उभा राहून ज्याचे काळीज धडधडत असते, त्या पाठीराख्याविषयी मात्र क्वचितच कोणी लिहितो. वास्तविक त्याची स्थिती मोठी विलक्षण असते. तो चेंडूला पाय लावीत नाही, संघाची निवड करीत नाही, विजयाच्या बक्षिसातील एक पैही त्याच्या पदरी पडत नाही. उलट स्वतःच्या कष्टाचा पैसा खर्चून तो तिकीट काढतो आणि संघ हरला म्हणजे घरी येऊन मुकाट्याने जेवतो. शेतकऱ्याची आशा पावसावर असते, तरी नांगर त्याच्या हाती असतो. पाठीराख्याच्या हाती आशेवाचून दुसरे काहीच नसते. ही आशा एका मोसमात कशी वाढते, कशी आटते आणि शेवटी कोणत्या रूपाने टिकते, हे पाहण्यासारखे आहे. त्यासाठी इंग्लंडातील लीड्स युनायटेड या फुटबॉल क्लबाची २०१८ ते २०२० या दोन मोसमांची हकीकत वाचकांपुढे ठेवीत आहोत.

चढण्याउतरण्याची रीत

प्रथम तेथील स्पर्धेची रचना समजून घेतली पाहिजे. इंग्लंडातील क्लबांची एकावर एक रचलेली उतरंडच आहे असे समजावे. सर्वांत वरचा वर्ग प्रीमिअर लीग हा होय. त्याच्या खालच्या वर्गास चॅम्पियनशिप असे नाव आहे. या दुसऱ्या वर्गात २४ क्लब असून प्रत्येकास मोसमात ४६ सामने खेळावे लागतात. विजयास तीन गुण व बरोबरीस एक गुण मिळतो. मोसमाच्या अखेरीस पहिले दोन क्लब आपोआप वरच्या वर्गात जातात. त्या मोसमांत तिसऱ्यापासून सहाव्यापर्यंतचे चार क्लब पुन्हा आपापसांत झुंजत आणि त्यांपैकी एकालाच वर जागा मिळे. तळाचे तीन क्लब खाली उतरतात. वरच्या वर्गात दूरचित्रवाणीच्या हक्कांचा अपार पैसा आहे. सबब चढणे म्हणजे केवळ मान नव्हे, क्लबाच्या संसाराची घडी बसणे होय.

आपल्या देशातही २०२२-२३ च्या मोसमापासून आय-लीगच्या विजेत्यास इंडियन सुपर लीगमध्ये चढण्याची वाट मोकळी झाली आणि त्या वर्षी पंजाबचा क्लब त्या वाटेने प्रथम वर गेला. गोमंतकीय वाचकांना या वाटेची एक कडू आठवणही असेल. २०२५ च्या एप्रिलात चर्चिल ब्रदर्स क्लबास ४० गुणांसह विजेता घोषित करण्यात आले होते. परंतु इंटर काशी या क्लबाने स्वित्झर्लंडातील क्रीडा लवादाकडे दाद मागितली आणि १८ जुलै २०२५ रोजी झालेल्या निर्णयाने विजेतेपद त्या क्लबाकडे गेले. हाती आलेले सुख तीन महिन्यांनी परत जाताना ज्यांनी पाहिले, त्यांना लीड्सच्या पाठीराख्याचे मन समजावून सांगण्याची फारशी गरज पडणार नाही.

पडत्या काळातील माणसे

लीड्स हे यॉर्कशर परगण्यातील मोठे शहर. तेथील युनायटेड क्लबाची स्थापना १९१९ साली झाली. १९६९, १९७४ व १९९२ असा तीन वेळा हा क्लब इंग्लंडचा विजेता झाला. २००१ मध्ये तर युरोपातील श्रेष्ठ क्लबांच्या स्पर्धेत त्याने उपान्त्य फेरी गाठली. परंतु हे वैभव कर्जावर उभे होते. देणी भागेनात, तेव्हा चांगले खेळाडू एकामागून एक विकावे लागले आणि २००४ साली क्लब पहिल्या वर्गातून खाली पडला. तीन वर्षांनी तो तिसऱ्या वर्गात जाऊन पोहोचला आणि तेथील पहिल्या मोसमाचा प्रारंभच त्यास १५ गुणांच्या दंडाने करावा लागला. २०१० मध्ये तो दुसऱ्या वर्गापर्यंत परत आला खरा, पण पुढे आठ वर्षे तेथेच अडखळत राहिला.

या सर्व काळात एलंड रोड या त्याच्या मैदानावर माणसे येत राहिली. आजोबांनी वैभव पाहिले होते, बापाने पडझड पाहिली आणि नातवाने यांपैकी काहीच न पाहता केवळ वडिलांचा हात धरून तेथे यायला सुरुवात केली. आपल्याकडे गावची जत्रा जशी पिढ्यान्‌पिढ्यांची असते, तसाच हा प्रकार. पीक बुडाले म्हणून कोणी जत्रेला जायचे सोडीत नाही.

आशेचे हक्कात रूपांतर

२०१८ च्या जूनमध्ये अर्जेंटिनातील रोसारिओ शहराचे मार्सेलो बिएल्सा हे प्रशिक्षक म्हणून लीड्सला आले. आदल्या मोसमात संघ तेराव्या क्रमांकावर राहिला होता, त्यामुळे पाठीराख्यांची मागणी माफक होती. संघाने नीट खेळावे, एवढेच त्यांचे म्हणणे. बिएल्सा यांनी आल्याबरोबर एक प्रश्न विचारला, असे वृत्त त्या वेळी प्रसिद्ध झाले. सामान्य पाठीराख्यास एका तिकिटाच्या पैशासाठी किती तास राबावे लागते? सुमारे तीन तास, असे उत्तर मिळताच त्यांनी खेळाडूंना तीन तास सरावाच्या आवारातील केरकचरा वेचावयास लावले. ज्यांच्या घामाच्या पैशावर आपण खेळतो, त्यांच्या श्रमाची जाणीव खेळाडूंस व्हावी, हा त्यामागील हेतू. पाठीराख्यांच्या मनात या गृहस्थांविषयी आदर उत्पन्न झाला तो येथपासून.

संघ जिंकू लागला आणि आशेने बाळसे धरले. २३ डिसेंबरला ॲस्टन व्हिलाविरुद्ध दोन गोलांनी मागे असताना लीड्सने ३-२ असा विजय खेचून आणला. नाताळाच्या दुसऱ्या दिवशी, २६ तारखेस, ब्लॅकबर्नविरुद्ध नव्वदाव्या मिनिटास संघ १-२ असा पिछाडीवर होता. वाढीव वेळात केमार रूफ याने दोन गोल केले आणि तोही सामना ३-२ असा जिंकला गेला. नाताळात लीड्स गुणतक्त्याच्या शिरोभागी होते.

येथे पाठीराख्याच्या मनात एक सूक्ष्म फरक पडतो. ऑगस्टात जी नुसती आशा असते, ती डिसेंबरात अपेक्षा होते आणि फेब्रुवारी उजाडेपर्यंत तिचा हक्क होऊन बसतो. मग तो पेन्सिल घेऊन उरलेले सामने मांडतो, न झालेल्या विजयांचे गुण आधीच जमेस धरतो आणि दुसऱ्यांचे पराभवही गृहीत धरतो. सावकाराच्या वहीतील येणे बाकी असावे, तशी ही आशा दिसू लागते. अशा आशेत आनंद कमी व धास्ती अधिक असते. जे आपले मानले, ते कोणी हिरावून नेईल की काय, हे भय तिच्या पाठोपाठ येते.

गुड फ्रायडेचा सामना

इंग्लंडात गुड फ्रायडे आणि ईस्टर सोमवार या दोन्ही दिवशी लीगचे सामने खेळण्याची जुनी प्रथा आहे. १९ एप्रिल २०१९ या गुड फ्रायडेस लीड्सचा सामना विगन या तळाजवळच्या संघाशी होता. सकाळी लीड्सचे ८२ गुण होते व तिसऱ्या क्रमांकावरील शेफील्ड युनायटेडचे ७९. केवळ चार सामने उरले होते. चौदाव्याच मिनिटास विगनचा एक खेळाडू मैदानाबाहेर काढला गेला. लीड्सने मिळालेली पेनल्टी दवडली, पण लगेच एक गोल केला. दहा जणांविरुद्ध अकरा, तेही एका गोलाच्या आघाडीने आणि स्वतःच्या मैदानावर! पेन्सिल घेऊन बसलेल्यांनी तीन गुण लिहूनही टाकले असतील.

परंतु विगनच्या गॅव्हिन मॅसी याने दोन गोल केले आणि सामना १-२ असा गमावला गेला. त्याच दिवशी शेफील्डचा संघ जिंकला. दोघांचे गुण सारखे झाले आणि गोलांच्या फरकावर शेफील्ड पुढे गेले. ईस्टर सोमवारी लीड्स ब्रेंटफर्ड येथे ०-२ असे हरले. शेवटच्या चार सामन्यांत मिळून संघास केवळ एक गुण मिळाला. ज्याची बाकी वहीत पक्की मांडली होती, ते येणे बुडाले.

एक गोल परत दिला

तो एकुलता गुण कसा मिळाला, ही गोष्ट या हकिकतीतील सर्वांत महत्त्वाची होय. २८ एप्रिल रोजी ॲस्टन व्हिलाविरुद्ध एलंड रोडवर सामना होता. शेफील्डच्या आघाडीमुळे लीड्सची थेट चढण्याची शक्यता आता केवळ कागदोपत्री उरली होती. सामना ०-० असा असताना व्हिलाचा एक खेळाडू दुखापत होऊन पडला. लीड्सचा खेळाडू चेंडू बाहेर घालवून खेळ थांबवील, अशा समजुतीने प्रतिपक्ष स्तब्ध झाला. पण चेंडू पुढे दिला गेला आणि मातेउश क्लिख याने गोल केला. मैदानावर धक्काबुक्की माजली. नियमाने गोल वैध होता. पंचांनी तो दिलाही होता.

तेव्हा बिएल्सा यांनी कडेवरून ओरडून आपल्या संघास आज्ञा केली, त्यांना गोल करू द्या. खेळ पुन्हा सुरू होताच व्हिलाचा अल्बर्ट अडोमा चेंडू घेऊन चालत गेला आणि त्याने मोकळ्या जाळ्यात गोल केला. लीड्सचा एक बचावपटू, पाँटुस यान्सन, याला हे मानवले नाही. त्याने एकट्याने अडविण्याचा प्रयत्न केला, पण व्यर्थ. सामना १-१ असा सुटला आणि शेफील्डचे चढणे निश्चित झाले.

गॅलरीत बसलेल्या माणसाच्या मनाची त्या क्षणी काय अवस्था झाली असेल? पंधरा वर्षे ज्याची वाट पाहिली, त्याच्यासाठी प्रत्येक गोल हवाहवासा वाटत असताना आपल्याच प्रशिक्षकाने एक गोल परत करावा! यान्सनसारखे पुष्कळांचे पाय आपोआप पुढे झाले असतील. मात्र त्या दिवशी प्रत्येक पाठीराख्यास स्वतःला एक प्रश्न विचारावा लागला. मला माझा संघ वर गेलेला हवा आहे, की कसाही करून वर गेलेला हवा आहे? या प्रश्नाचे उत्तर देताच आशेची जात ठरते.

बिएल्सा हे काही दोषरहित पुरुष नव्हते, हेही सांगणे न्यायाचे होईल. त्याच मोसमात, जानेवारीमध्ये, त्यांनी डर्बी संघाचा सराव चोरून पाहण्यास माणूस पाठविल्याचे उघडकीस आले. त्यांनी ते स्वतः कबूल केले आणि क्लबास झालेला दोन लक्ष पौंडांचा दंड आपल्या खिशातून भरला. त्या घटनेने लीड्सचे नाव खाली गेले होते. एप्रिलातील त्या गोलाने ते वर आले. २०१९ च्या सप्टेंबरात फिफा या जागतिक संघटनेने बिएल्सा व लीड्स क्लब यांना खिलाडूवृत्तीचे पारितोषिक दिले.

पारितोषिकाने बढती मात्र मिळाली नाही. तिसऱ्या क्रमांकामुळे चौघांच्या झुंजीत लीड्सची गाठ त्याच डर्बीशी पडली. पहिला सामना लीड्सने १-० असा जिंकला. १५ मे रोजी एलंड रोडवर त्यांनी आणखी एक गोल केला, म्हणजे एकूण दोन गोलांची आघाडी झाली. त्यानंतर सारे फिरले. डर्बीने तो सामना ४-२ असा जिंकला आणि एकूण ४-३ अशा फरकाने लीड्सला बाहेर घालविले. मोसम संपला.

मुकी आशा

पुढचे वर्ष क्लबाच्या शताब्दीचे होते. पाठीराखे परत आले, पण त्यांची आशा आता निराळी होती. गतवर्षी जो मोठ्याने बोलत होता, तो आता कोणी विचारले तर विषय बदलू लागला. पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो. हिवाळ्यात संघ घसरू लागला, तेव्हा गेल्या वर्षीचेच दिवस परत आले, असे पुष्कळांस वाटले. परंतु फेब्रुवारीच्या मध्यापासून संघाने एकही गोल न स्वीकारता लागोपाठ पाच सामने जिंकले. ७ मार्च २०२० रोजी हडर्सफील्डला २-० असे हरवून ७१ गुणांसह लीड्स पहिल्या क्रमांकावर उभे होते. तिसऱ्या क्रमांकाच्या संघापेक्षा सात गुण अधिक, आणि नऊ सामने बाकी.

त्यानंतर सहाच दिवसांनी कोरोनाच्या साथीमुळे सर्व सामने थांबविण्यात आले.

मोसम रद्द होणार काय, झालेले सामने जमेस धरणार काय, असे प्रश्न निघाले. खालच्या स्तरावरील अनेक लीगांचे निकाल तर पुसूनच टाकण्यात आले. लीड्सचा पाठीराखा या वेळी मोठ्या पेचात होता. गावोगाव माणसे दगावत असताना फुटबॉलच्या गुणांची काळजी बोलून दाखविणे त्याला लाजिरवाणे वाटे, आणि ती मनातून जातही नसे. १७ एप्रिलला क्लबाचा जुना, सर्वांचा लाडका बचावपटू नॉर्मन हंटर कोरोनाने वारला. २९ एप्रिलला जुना खेळाडू ट्रेव्हर चेरी गेला. १० जुलैला जॅक चार्लटन निवर्तले. इंग्लंडने १९६६ साली जिंकलेल्या विश्वचषकाच्या संघातील हे खेळाडू लीड्सकडून ७७३ सामने खेळले होते. ही नावे सर्वांस ठाऊक असलेली. ज्यांची नावे वर्तमानपत्रांत आली नाहीत, असेही कितीतरी म्हातारे पाठीराखे त्या वसंतात गेले. ज्यांनी सोळा वर्षे वाट पाहिली, ती माणसे शेवटच्या काही आठवड्यांसाठी चुकली.

येथे आशेला आणखी एक वळण लागले. माणूस केवळ स्वतःसाठी आशा करीत होता, तोवर ती त्याला छळीत होती. आता तो गेलेल्यांच्या वतीने आशा करू लागला. बापाच्या मागे त्याचे अर्धे राहिलेले घर मुलाने पुरे करावे, तशी ही गोष्ट होती.

रिकाम्या गॅलऱ्या

जूनच्या २० तारखेस सामने पुन्हा सुरू झाले, पण दरवाजे बंद ठेवून. पाठीराख्यांची छायाचित्रे पुठ्ठ्यावर चिकटवून रिकाम्या खुर्च्यांवर मांडण्यात आली. आयुष्यभर ज्यांनी एकही सामना चुकविला नाही, अशांनाही घरी दूरचित्रवाणीपुढे बसावे लागले. पहिलाच सामना संघ हरला. पुढे मात्र पाऊल डगमगले नाही. १२ जुलैला स्वान्सी येथे सामना ०-० असा सुटणार असे दिसत असताना, एकोणनव्वदाव्या मिनिटास पस्तीस वर्षांच्या पाब्लो हर्नांदेझने गोल केला. गेल्या वर्षी गुड फ्रायडेला पेनल्टी दवडणारा खेळाडू तो हाच.

१७ जुलै २०२० रोजी लीड्सचा सामनाच नव्हता. त्या दिवशी हडर्सफील्डने वेस्ट ब्रॉमविचला २-१ असे हरविले आणि लीड्सचे पहिल्या वर्गात जाणे निश्चित झाले. सोळा वर्षांची प्रतीक्षा अशी, दुसऱ्याच्या मैदानावर, दुसऱ्यांच्या पायांनी संपली. चार्लटन यांना जाऊन बरोबर एक आठवडा झाला होता. साथीचे निर्बंध असूनही माणसे घराबाहेर पडली आणि एलंड रोडच्या बंद दरवाजांपुढे जमली. दुसऱ्या दिवशी विजेतेपदही निश्चित झाले. मोसमाच्या शेवटी संघाचे ९३ गुण झाले. मैदानाच्या दक्षिणेकडील गॅलरीस नॉर्मन हंटरचे नाव देण्यात आले आहे.

आशेची जमाखर्चाची वही

या यशाचे पुढे काय झाले? २०२२ च्या फेब्रुवारीत बिएल्सा यांना क्लबाने निरोप दिला. २०२३ मध्ये लीड्स पुन्हा खाली आले. २०२४ मध्ये ९० गुण मिळवूनही संघास थेट जागा मिळाली नाही आणि वेंब्लीवरील निर्णायक सामना तो साउथॅम्प्टनशी ०-१ असा हरला. मग २०२५ साली तो पुन्हा चढला. तो दिवस २१ एप्रिलचा, ईस्टर सोमवारचा. पोप फ्रान्सिस यांच्या निधनामुळे कॅथलिक घरे हा दिवस विसरणार नाहीत. पोप महोदय स्वतःही बुएनोस आयरिस येथील सान लोरेन्सो क्लबाचे आयुष्यभराचे पाठीराखे आणि सभासद होते. त्या दिवशी लीड्सने स्टोकला ६-० असे हरविले. संध्याकाळी बर्नलीने शेफील्ड युनायटेडचा पराभव केल्यावर लीड्सची बढती निश्चित झाली. या वेळी दरवाजे उघडे होते आणि गॅलऱ्या भरलेल्या होत्या.

म्हणजे जे मिळाले ते गेले, गेलेले परत मिळाले, आणि उद्या ते पुन्हा जाणारच नाही असे कोणी सांगू शकत नाही. फळाच्या मापाने मोजू गेल्यास पाठीराख्याचा व्यवहार आतबट्ट्याचाच ठरेल. तरीही तो येतो. कारण या आशेने त्याला दिलेले काही गुणतक्त्यात दिसत नाही. तिने त्याला बापाशेजारी बसविले, अनोळखी माणसाच्या गळ्यात पडून आनंद करण्यास शिकविले, आणि हातचा गोल परत देणाऱ्या प्रशिक्षकाचा आदर करावयास लावले.

आपल्याकडेही मुलाच्या परीक्षेचा निकाल, आखातात गेलेल्या भावाचे पत्र, नव्याने लावलेली काजूची बाग, अशा कितीतरी गोष्टींवर घरेच्या घरे आशा लावून बसलेली असतात आणि त्यांतील बहुतेक गोष्टी आपल्या हातच्या नसतात. अशा घरी पेन्सिल घेऊन बसू नये, एवढे लीड्सच्या पाठीराख्यापासून शिकण्यासारखे आहे. आशा करावी, पण तिचा हक्क करू नये. एकट्याने करण्यापेक्षा चौघांसह करावी. आणि ती फळाला येईल त्या दिवशी, जे तोवर थांबू शकले नाहीत त्यांची आठवण ठेवावी.